टेक ओव्हर, हँड ओव्हर

इंग्रजी भाषेची एक खोड मला कॉलेजात असल्यापासून मजेची वाटत आली आहे. साधे घरगुती क्रियापद घ्यायचे, त्याच्या शेपटीला 'अप', 'ऑफ', 'ओव्हर' असा एखादा टीचभर शब्द बांधायचा, की अर्थ पार बदलतो. 'टेक' म्हणजे घेणे. पण 'टेक ऑफ' म्हटले की विमान उडते, 'टेक आफ्टर' म्हटले की नात आजीच्या वळणावर जाते, आणि 'टेक ओव्हर' म्हटले की एकाची सत्ता दुसऱ्याकडे जाते. हेच दोन शब्द उलटे केले की 'ओव्हरटेक' होते. ते मात्र म्हापसा-डिचोली रस्त्यावरच्या प्रत्येक बसवाल्याला न शिकवता येते!

आपल्या मराठीलाही ही विद्या अवगत आहे. "घेऊन टाक" म्हणजे संकोच करू नकोस. "घेऊन बसला" म्हणजे आता हा काही सोडत नाही. काढून घेतले, मागून घेतले, हिसकावून घेतले, सांभाळून घेतले. 'घेणे' तेच, पण घेणाऱ्याचा स्वभाव पुढच्या-मागच्या शब्दात लगेच दिसतो. 'टेक ओव्हर'मध्ये तो दिसत नाही. म्हणून त्याचे मराठी करायचे म्हटले की आपण अडतो. नवा कलेक्टर आला तर त्याने 'कार्यभार स्वीकारला', लष्कराने 'ताबा घेतला', गुंडाने 'कब्जा केला', सरकारने जमीन 'संपादन केली'. इंग्रजीत या चौघांना एकच क्रियापद चालते. मराठीत शब्द निवडायच्या आधी आपल्याला ठरवावे लागते की घेणाऱ्याला तो हक्क होता की नव्हता.

इंग्रजीत याला एक जोडशब्द आहे, 'हँड ओव्हर'. त्यात हात आहे. एक देणारा, एक घेणारा. घरातलेच बघा ना. सासूबाई एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "आता तू बघ." हे झाले हँड ओव्हर. दुसऱ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळतात आणि उशीखालच्या किल्ल्या सून उचलते. हे झाले टेक ओव्हर. पाच वर्षांनी दोन्ही घरांत कपाट सूनच उघडत असते, बाहेरून काही फरक कळत नाही. घरातल्या बायकांना मात्र तो कायम माहीत असतो.

माझे माहेर बेळगावकडचे. लग्न होऊन डिचोलीला आले त्याला आता तीस वर्षे होतील. इथला इतिहास वाचायला घेतला तेव्हा या दोन क्रियापदांची मला फार मदत झाली. कारण आमच्या डिचोलीचा आणि शेजारच्या पेडण्याचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतरात मावतो.

बाहेरची माणसे म्हणतात, गोव्यावर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षे राज्य केले. खरे आहे, पण ते तिसवाडी, बार्देश, सासष्टीचे. तो भाग जुनी काबिजाद. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, सांगे, केपे, काणकोण ही नवी काबिजाद. पोर्तुगीज भाषेत 'नोव्हास कॉन्किश्तास', म्हणजे नवे जिंकलेले मुलूख. 'काबिजाद' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी मूठ आवळणे आहे. 'काबीज', 'कब्जा' ही त्याचीच भावंडे, आणि हिंदीत पोट साफ होत नाही त्याला 'कब्ज' म्हणतात तेही त्याच कुळातले. आवळलेली मूठ, आवळलेले पोट!

१५१० मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा डिचोली त्याच्या मुठीबाहेर होती, आणि पुढे दोनशे सत्तर वर्षे जवळजवळ बाहेरच राहिली. म्हणूनच दिवाडी बेटावरची देवळे पाडली गेली तेव्हा तिथला सप्तकोटेश्वर भक्तांनी नदीपार डिचोलीच्या बाजूला, नार्व्याला आणला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी ते देऊळ नव्याने बांधवले. तसा शिलालेख तिथे आहे. त्याच परिसरात जैनकोट नावाची जागा आहे, आणि थोड्या अंतरावर कुडण्याला जुन्या जैन बस्तीचे भग्न अवशेष आहेत. गावची माणसे त्याला 'गुजिर' म्हणतात. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा वाटले, इथली वस्ती उठली तेव्हा कोणी कोणाकडून काय घेतले असेल? दगड बोलत नाहीत. भिंतींवर झाडांनी मुळे पसरली होती. काही टेक ओव्हर इतके सावकाश होतात की त्यांची तारीख सांगता येत नाही.

पेडण्याची पहिली तारीख मात्र ठसठशीत आहे. ५ मे १७४६. त्या दिवशी पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतवाडीच्या भोसल्यांकडून शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला घेतला. तेरेखोलही त्याच वर्षी गेले. या पराक्रमाबद्दल त्या व्हाइसरॉयला 'हळर्णचा मार्किस' असा किताब मिळाला. पोर्तुगीज उच्चारात आलोर्ना. म्हणजे आमच्या पेडणे तालुक्यातले एक खेडे थेट लिस्बनच्या सरदारघराण्याचे आडनाव झाले. पुढे किल्ला आणि मुलूख भोसल्यांकडे परत आला. नाव काही परत आले नाही.

इथे थोडे आडवळणाला जाते, कारण ही हकीकत आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत नसेल. त्या मार्किसची नात लिओनोर द आल्मेइदा. तिचे आजोळ ताव्होरा घराण्यातले. तिच्या आईचे वडीलही गोव्याचे व्हाइसरॉय होऊन गेलेले. राजावर हल्ला केल्याच्या आरोपावरून १७५९ मध्ये ताव्होरा आजी-आजोबांना देहदंड झाला, वडील तुरुंगात गेले, आणि आठ वर्षांच्या लिओनोरला आई-बहिणीसह लिस्बनजवळच्या शेलासच्या मठात डांबले. १७७७ पर्यंत, म्हणजे साधारण अठरा वर्षे ती तिथे होती. तिथेच भाषा शिकली, तिथेच कविता लिहायला लागली. पोर्तुगीज साहित्यात ती आजही 'मार्केझा द आलोर्ना' म्हणून ओळखली जाते. हळर्णची सरदारीण! तिने हळर्ण कधी पाहिले नाही, आणि हळर्णच्या बायकांना आपल्या गावाच्या नावाची एक कवयित्री समुद्रापार कैदेत आहे याचा पत्ता नव्हता. घेताना माणूस काय काय बरोबर उचलून नेतो याचा हिशेब तहनाम्यात नसतो.

डिचोली पोर्तुगीजांनी १७८१ मध्ये लढून घेतली. तिला काबिजाद म्हणायला माझी काही हरकत नाही. पेडण्याचे तसे नाही.

पेडण्याची गोष्ट एका लग्नापासून सुरू होते. सावंतवाडीचे तिसरे खेम सावंत यांनी १७६३ मध्ये शिंद्यांच्या घराण्यातली मुलगी केली. शिंदे म्हणजे त्या काळी दिल्लीत वजन असलेली माणसे. सोयरिकीच्या जोरावर जावयाला बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला. शेजारच्या कोल्हापूरकरांना ते खपले नाही. लग्नात एकाला मानाचा फेटा जास्त भारी आला की दुसरा रुसतो, तसेच हे, फक्त इथे रुसणाऱ्याकडे फौज होती. कोल्हापूरने वाडीवर चाल केली, आणि ही लढाई वर्षानुवर्षे चिघळत राहिली. शेवटी खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली. मदत फुकट कोण देतो? १७८८ मध्ये त्या मदतीच्या बदल्यात पेडणे महाल पोर्तुगीजांना देण्यात आला.

म्हणजे काय तर, पेडणे जिंकले गेले नाही, दिले गेले. सीमेवर चकमकी झाल्या, किल्ले घेतले-सोडले गेले, हे सगळे खरे. पण पेडण्यावरचा हक्क पोर्तुगीजांना मिळाला तो कागदावरच्या देवघेवीतून. तो हँड ओव्हर होता. तरी नकाशावर आणि दफ्तरात त्याला नाव मिळाले काबिजाद. घेणाऱ्याला 'मी जिंकले' म्हणणे आवडते. आणि देणाऱ्यालाही 'माझ्याकडून हिसकावले' हे सांगणे 'मी दिले'पेक्षा सोपे जाते. दोघांच्या सोयीचा शब्द रूढ झाला.

लहानपणी आमच्याकडून पाच अणुव्रते पाठ करून घेत. त्यातल्या तिसऱ्याला सगळे 'अचौर्य' म्हणतात, पण त्याचे जुने नाव जास्त नेमके आहे. अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे. त्यापासून दूर राहायचे. मला ही व्याख्या फार हुशार वाटते. वस्तू कशी घेतली, रात्री की दिवसा, लपून की राजरोस, हे ती विचारतच नाही. फक्त विचारते, दिली होती का? या मापाने पाहिले तर पेडणे दत्त होते, दिलेले होते. पण लगेच दुसरा प्रश्न येतो. देणाऱ्याचे ते होते का? मांद्र्याचे, मोरजीचे, धारगळचे शेत कसणारी माणसे, घाटावरून मीठ-तांदळाचे बैल हाकणारी माणसे, त्यांना १७८८ मध्ये कोणी विचारले होते? राजाने आपला मुलूख दिला. मुलखाने सकाळी उठून पाहिले तर कर घेणारा बदललेला होता.

तरी दिले गेल्याचा एक फायदा झाला. जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली, इन्क्विझिशन आले. नव्या काबिजादी हाती आल्या तोवर काळ बदलला होता, आणि तिथल्या लोकांचे धर्म आणि चालीरीती राखण्याची हमी पोर्तुगीजांनी दिली. त्यामुळे पेडण्याची भगवती जागेवर राहिली, नार्व्याचा सप्तकोटेश्वर जागेवर राहिला. या हमीची दुसरी बाजूही आपण बायकांनी बघायला हवी. चालीरीती राखायच्या म्हणजे कोणाच्या? १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमाने गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीती कायद्यात बसवल्या गेल्या. त्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशी उलटूनही मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची वाट ठेवली होती. राज्यकर्ता बदलला, भाषा बदलली, आणि पंचविशी-तिशीची ही रेघ लिस्बनच्या शाईने पक्की झाली.

आता १९६१. त्याआधीही माणसे धडकली होतीच. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, पेडणे तालुक्याच्या वेशीवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पंजाबचे कर्नैलसिंग तिथे पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय हातात झेंडा धरून पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. पत्रादेवीचे स्मारक आज मुंबई-गोवा रस्त्यालगत आहे. तिथून जाणाऱ्या गाड्या घाईत असतात, पण एकदा उतरून बघाच.

१९ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी वास्कोला शरणागतीच्या कागदावर सही केली. सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्यांनी तो पाळला नाही म्हणून गोव्यातली पुष्कळ माणसे आणि घरे वाचली. पोर्तुगालला परतल्यावर त्यांना लष्करातून काढून टाकले. पोर्तुगीज भाषेत 'हवाली करणे' आणि 'शरण जाणे' या दोन्हींना 'एंत्रेगार' हे एकच क्रियापद पुरते. सालाझारने त्याचा दुसरा अर्थ घेतला.

आपण त्या दिवसाला मुक्तिदिन म्हणतो, पोर्तुगाल आक्रमण म्हणत होते. कोर्टाने काय म्हणावे? एका पाद्र्याने आपण भारतीय नाही, पोर्तुगीज नागरिकच आहोत असा दावा केला होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात निकाल देताना सांगितले की हा प्रदेश जिंकून भारतात सामील झाला, त्यामुळे तात्पुरत्या लष्करी ताब्याचे नियम इथे लागू होत नाहीत. मुक्ती हा मनाचा शब्द. कायद्याच्या पुस्तकात पुन्हा जिंकणेच आले! आणि पोर्तुगालने आपल्या बाजूने हात पुढे केला तो तेरा वर्षांनी. सालाझारचे राज्य गेले, तिथे क्रांती झाली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तह होऊन पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. घेणे १९६१ चे, देणे १९७४ चे. पेडण्यापुरते मोजायचे तर पोर्तुगीजांचे राज्य एकशे त्र्याहत्तर वर्षांचे आणि डिचोलीपुरते एकशे ऐंशी. साडेचारशेचा आकडा आमचा नव्हे.

मध्यंतरी एकदा, आणि माझ्या माहितीत एकदाच, इथल्या माणसांना खरोखर विचारले गेले. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पाने म्हणजे वेगळे राहायचे. पेडणे आणि डिचोली फुलाकडे झुकले. एकूण गोव्याने चौतीस हजार एकवीस मतांच्या फरकाने पाने निवडली. आमच्या तालुक्यांचे म्हणणे हरले. या विषयावर आजही एखाद्या घरात जेवणाच्या पंगतीत आवाज चढतात, पण त्या निकालाला कोणी काबिजाद म्हणत नाही. बोटाला शाई लावून बायका रांगेत उभ्या राहिल्या होत्या. १७८८ पेक्षा हे फार वेगळे.

डिचोली तालुक्यातल्या मये गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. तिथला तलाव बघायला पर्यटक येतात, गावकऱ्यांच्या मनात मात्र वेगळेच. या गावाची जमीन 'मयेचा कोंद' म्हणजे काउंट, अशा पोर्तुगीज किताबधारी घराण्याची होती. १९६१ नंतर मालक पोर्तुगालला राहिले. मग १९६४ च्या निर्वासित मालमत्तेच्या कायद्याखाली ही जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. ताबा सरकारचा, मालकी हवेत, आणि घरे, बागायती, शेते पिढ्यान् पिढ्या गावकऱ्यांची! बाकी गोव्यात कूळ कायदा आला, मुंडकार कायदा आला. मयेची माणसे मात्र घराची एक भिंत वाढवायची तरी कस्टोडियनच्या कचेरीकडे बघत राहिली. "गोवा मुक्त झाला, मये नाही झाले," असे ती म्हणत, आणि ते अगदी बरोबर होते. टेक ओव्हर झाले होते, हँड ओव्हर राहिले होते. आंदोलने झाली, २०१४ मध्ये अशा जमिनींवरची जुनी मालकी आणि किताबी देणग्या रद्द करणारा कायदा विधानसभेने केला, आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. घेतल्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती.

पेडण्याकडे मोपाच्या पठारावर आता विमानतळ आहे. जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडतात. त्यासाठी जमीन घेतली गेली तेव्हा कागदावर शब्द होता भूसंपादन. 'संपादन' म्हणजे कमावणे, मिळवणे. पदवी संपादन करतात, पुण्य संपादन करतात. हा शब्द ज्याने पहिल्यांदा जमिनीला लावला तो भाषेचा मोठा जाणकार असला पाहिजे. पठारावर काजूच्या बिया गोळा करणारी आणि गुरे चारायला नेणारी बाई त्याला काय म्हणते ते मात्र साधे असते. "घेतली," एवढेच.

गोव्यात लग्न झालेल्या बाईच्या घराबाबत एक गोष्ट वेगळी आहे. तीही पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी कायद्यातून आलेली आहे. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून धरतात, आणि घर किंवा जमीन विकायची तर खतावर दोघांच्या सह्या लागतात. माझ्या बेळगावच्या बहिणींना याचे अजून नवल वाटते. डिचोलीच्या नोंदणी कचेरीच्या बाकावर कधी बसून बघा. नवऱ्याचे नाव पुकारले जाते, तो आत जाऊन सही करतो, आणि मग कारकून मान वर करून विचारतो, "बायको कुठे आहे?"